चर्चमधले ‘यूथ’ म्हणजे नेमके कोण?

२५ जुलै २०२५ रोजी केरळच्या दोन नन छत्तीसगढच्या नारायणपूर जिल्ह्यातल्या तीन तरुणींना कामासाठी आग्र्याला घेऊन निघाल्या होत्या. सोबत एक आदिवासी तरुण होता. दुर्ग रेल्वे स्थानकावर बजरंग दलाच्या लोकांनी त्यांना गराडा घातला. रेल्वे पोलिसांनी मानवी तस्करी आणि जबरदस्तीच्या धर्मांतराच्या आरोपाखाली दोन्ही नन आणि त्या तरुणाला अटक केली. तरुणींची रवानगी सरकारी निवारागृहात झाली. २ ऑगस्टला बिलासपूरच्या एनआयए न्यायालयाने तिन्ही आरोपींना जामीन दिला.

मधल्या आठ दिवसांत देशभर निषेध झाला. केरळच्या खासदारांनी संसदेच्या आवारात घोषणा दिल्या. हे सगळे व्हायलाच हवे होते. मला मात्र दोन गोष्टी तेव्हाही खटकल्या आणि आजही खटकतात. पहिली, अटक तिघांना झाली होती, पण मथळे ‘दोन नन’ एवढेच म्हणत राहिले. त्यांच्यासोबत कोठडीत गेलेला आदिवासी तरुण बातमीच्या शेवटच्या ओळीत उरला. दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. त्या तिघी १८ वर्षांवरच्या होत्या. तरीही चर्चच्या बाजूने खुलासा करताना प्रत्येक वेळी दोन वाक्ये जोडून आली : त्या सज्ञान आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांचे संमतिपत्र आमच्याकडे आहे.

पहिले वाक्य खरे असेल तर दुसऱ्याची गरज काय? सज्ञान बाई आग्र्याला जाते, तेव्हा तिच्या बापाची चिठ्ठी कोणी आणि का मागावी? जमावाने मागितली, पोलिसांनी पाहिली, हे समजू शकते. पण चर्चला ती आधीपासून जवळ ठेवावीशी का वाटली? संकटातून सुटण्यासाठी हाताशी असेल तो कागद दाखवावा लागतो, हे मान्य. तरी प्रश्न उरतोच, कारण ही चिठ्ठी मागण्याची सवय आमच्या चर्चमध्ये दुर्गच्या कितीतरी आधीपासून आहे.

मी रायपुरात समाजशास्त्रात पीएच.डी. करते. आजोबा रेल्वेच्या नोकरीत नागपूरहून इथे आले. आम्ही महार ख्रिस्ती. घरात मराठी, रस्त्यावर छत्तीसगढी आणि चर्चमध्ये हिंदी, अशा तीन भाषांत मी वाढले. तिन्ही भाषांत मला एकच वाक्य ऐकू आले : तू अजून लहान आहेस. आता मी अठ्ठावीस वर्षांची आहे. लोकसभेची उमेदवारी पंचविसाव्या वर्षापासून मिळते. १९८८च्या ६१व्या घटनादुरुस्तीने मताचा अधिकार अठराव्या वर्षी आला. बस्तरमधली एकवीस वर्षांची मुलगी कायद्याने सरपंच होऊ शकते. मंडळीच्या हिशेबाच्या वहीत डोकावायला मात्र आमचे वय कधीच पुरे पडत नाही.

वडीलधाऱ्यांचा मान राखणे ही आपली रीत आहे, त्यात कसली आली विषमता, असे यावर म्हटले जाते. म्हणून आधी हे पाहू, की चर्चमध्ये ‘यूथ’ म्हणतात ते कोणाला.

तरुण संघात सोळा वर्षांचा मुलगा असतो आणि चौतीस वर्षांचा अविवाहित शिक्षकही असतो. त्याच मंडळीत चोवीसाव्या वर्षी लग्न झालेला मुलगा मात्र संघातून बाहेर पडून ‘कुटुंबवाला’ होतो. त्याचे वेगळे कार्ड निघते, त्याच्या नावाने वर्गणीची पावती फाटते आणि मतदारयादीत त्याचे नाव येते. बऱ्याच मंडळ्यांत सदस्यत्व कुटुंबावर मोजले जाते, वर्गणी कुटुंबप्रमुखाच्या नावाने भरली जाते, आणि अविवाहित माणूस कितीही वर्षांचा असला तरी बापाच्या कार्डावरची एक ओळ असतो. ती बाई असेल तर लग्नानंतरही ओळच राहते, फक्त कार्ड बदलते. म्हणजे यूथ हे वय नाही, ती वैवाहिक स्थिती आहे. संशोधनाच्या कामात मला भेटलेल्या सत्तावीस वर्षांच्या एका नर्सने तिच्या मंडळीत नाताळ निधीचा हिशेब मागितला. तिला उत्तर मिळाले, “बेटा, पहले शादी कर लो, फिर कमेटी की बात करना.” ती पगारातून दर महिन्याला दशमांश देत होती. पैसे घेताना तिचे वय कोणाला आडवे आले नव्हते.

वयाचा मुद्दा खोटा आहे याचा दुसरा पुरावा वेदीवरच उभा असतो. कॅथलिक धर्मसंहितेप्रमाणे पंचविसाव्या वर्षी पुरोहितदीक्षा मिळू शकते आणि पस्तिसाव्या वर्षी माणूस बिशप होऊ शकतो. सव्वीस वर्षांचा पाद्री पॅरिशमध्ये आला की साठीचे लोक त्याला फादर म्हणतात, उठून उभे राहतात. तो अविवाहित असतो, अनुभवाने कोवळा असतो, तरी त्याला कोणी थांब म्हणत नाही. त्याच वयाचा गावातला तरुण खुर्च्या मांडतो, माइक जोडतो, नाताळचा तारा टांगतो, उपासनेचे मोबाइलवरून प्रक्षेपण करतो, आणि बैठक सुरू झाली की त्याला चहा आणायला पाठवतात. या दोघांत फरक वयाचा नाही, अधिकाराच्या जागेचा आहे. त्या जागेपर्यंत कोण पोहोचते, हे विचारले की जात समोर येते.

कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले. चर्चच्या आत जातिभेद आहे आणि नेतृत्वात दलितांचे प्रमाण नगण्य आहे, हे त्यात परिषदेनेच मान्य केले. देशाला पहिला दलित कार्डिनल मिळाला तो ऑगस्ट २०२२मध्ये, अँथनी पूला यांच्या रूपाने. प्रोटेस्टंट मंडळ्यांत जागा निवडणुकीने भरतात, म्हणून तिथे चित्र वेगळे असेल असे वाटते. पण निवडणुकीत तीच ती आडनावे फिरत राहतात : मिशनच्या शाळेत, दवाखान्यात, वसतिगृहात ज्यांचे आजोबा नोकरीला लागले त्या घरांची. त्या घरातला तीस वर्षांचा मुलगा ‘होतकरू’ असतो. पहिल्या पिढीत चर्चमध्ये आलेला तीस वर्षांचा सतनामी किंवा गोंड तरुण ‘अजून शिकतो आहे’. दोघांची जन्मसाले एकच असली तरी वजन वेगळे पडते.

बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवरचा निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. त्या निबंधाचा गाभा सगळ्यांना माहीत आहे : जातीचे सार जातीअंतर्गत विवाहात आहे. पण त्यात आणखी एक मांडणी आहे, तिच्याकडे कमी लक्ष जाते. जातीला सर्वात मोठा धोका जोडीदाराविना उरलेल्या प्रौढ माणसाचा वाटतो. असा पुरुष किंवा अशी बाई जातीबाहेर लग्न करू शकते, म्हणून त्यांचा बंदोबस्त लागतो. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्या बंदोबस्ताचीच साधने होती.

हे लक्षात घेऊन चर्चमधल्या ‘यूथ’कडे पुन्हा पाहा. अविवाहित प्रौढाला मूल ठरवायचे. त्याला मत, हिशेब, अधिकार काही द्यायचे नाही. वडीलधारी मंडळी पसंत करतील अशा घरात लग्न झाले की मोठेपणाचे कार्ड हातात द्यायचे. प्रौढत्वाची किल्ली लग्नाला बांधली आणि लग्नाची किल्ली घराण्यांच्या हाती राहिली, तर जात टिकवायला आणखी कोणत्या शास्त्राची गरज उरत नाही. ख्रिस्ती विवाहाच्या जाहिरातींत आजही जात विचारली जाते, आणि कमिटीत बसण्याची पात्रता त्याच लग्नातून येते. म्हणून मी म्हणते की चर्चमधला तरुणांचा प्रश्न पिढ्यांच्या भांडणाचा नाही, तो जातीचा आहे. येशू तिशीत काम करू लागला तेव्हा अविवाहित होता, पौलही अविवाहित होता. आमच्या मंडळीच्या हिशेबाने दोघेही यूथमध्येच बसले असते.

‘तुम्ही अजून तयार नाही’ हे वाक्य छत्तीसगढच्या चर्चमध्ये आले कुठून, हेही पाहायला हवे. १८६८ साली ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्याने रायपूरच्या उत्तरेला बिश्रामपूर वसवले. गुरू घासीदासांच्या शिकवणीतून ब्राह्मणी देवळांना आणि मूर्तिपूजेला नकार देणाऱ्या सतनामी समाजात हे काम सुरू झाले. सौरभ दुबे यांनी सतनामींच्या इतिहासात हे दाखवून दिले आहे, की बिश्रामपुरात मिशनरी हाच गावाचा मालगुजार होता. जमीन त्याची, शाळा त्याची, उपदेश त्याचा आणि शिस्तही त्याची. घासीदासांच्या काळापासून स्वतःच्या पंथाचे नियम स्वतः ठरवणारा हा समाज मिशनच्या कंपाउंडमध्ये शिरला आणि ‘लेकरू’ झाला.

मिशनरी गेले, कंपाउंड राहिले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारताचे चर्च, म्हणजे सीएनआय, स्थापन झाले. मालमत्ता भारतीयांच्या हाती आली. मायबाप होण्याची ती रीत मात्र कोणी मोडली नाही, फक्त खुर्चीवरचा माणूस बदलला. जातीने आधी म्हाताऱ्या महारालाही पोऱ्या म्हणून हाक मारली होती. चर्चने त्याला नाव दिले, अक्षर दिले, प्रभूच्या मेजावर जागा दिली, हे ऋण मी नाकारत नाही. पण त्याच्या नातवाला पुन्हा पोऱ्या करून ठेवले, हेही तितकेच खरे आहे.

याच नियमाने राज्यही चालते. दुर्गची अटक झाली तेव्हा रायपुरात लागू असलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मध्य प्रदेशाचा १९६८चा होता. नवे राज्य झाल्यावर तो छत्तीसगढला वारशात मिळाला. बळाने, आमिषाने किंवा फसवून धर्मांतर केल्यास त्यात एक वर्षापर्यंत कैद सांगितली होती. पण धर्मांतर अज्ञान मुलाचे, स्त्रीचे, किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचे असेल तर दोन वर्षे. ही ओळ नीट वाचा. मूल, बाई, दलित, आदिवासी हे सगळे एका रांगेत उभे केले आहेत. यांना स्वतःचे बरेवाईट कळत नाही, यांना कोणीही फसवू शकते, असे तो कायदा गृहीत धरत होता. दुर्गच्या फलाटावर जमावाने याच गृहीतकाने त्या तिघींकडे पाहिले : आदिवासी, बाई आणि तरुण, म्हणजे तिहेरी अज्ञान.

अशा कायद्याला आव्हान द्यायचे तर एकच भक्कम उत्तर आहे : ही माणसे प्रौढ आहेत, त्यांचा देव आणि त्यांची नोकरी त्या स्वतः निवडतील. हे उत्तर चर्चने कोणत्या तोंडाने द्यावे? ज्या संस्थेत सत्तावीस वर्षांच्या नर्सला हिशेब कळणार नाही असे मानतात, ती संस्था न्यायालयात उभी राहून एकवीस वर्षांच्या आदिवासी मुलीला धर्म कळतो असे सांगते, तेव्हा तिचा आवाज आतूनच पोकळ असतो. म्हणून तर बापाची चिठ्ठी खिशात ठेवावी लागते.

आणखी एक गाठ आहे, आणि ती सर्वात गरीब तरुणाच्या गळ्याभोवती बसते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना होता. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. त्यामुळे शिष्यवृत्ती किंवा राखीव जागेवर शिकणारा सतनामी तरुण मंडळीच्या रजिस्टरवर नाव चढवायला कचरतो. तिथला बाप्तिस्म्याचा कागद जातीच्या दाखल्याला कापतो. आदिवासी तरुणाला कायद्याने धर्माची अट नाही, पण ‘डीलिस्टिंग’च्या मोर्च्यांनी त्यालाही भीती घातली आहे. हा तरुण दर रविवारी येतो, ढोलक वाजवतो, मार खाण्याची वेळ आली की पुढे उभा राहतो. निवडणूक आली की त्याला सांगतात, तुझे नाव यादीत नाही. राज्याने त्याच्यावर केलेल्या अन्यायाचाच आधार घेऊन मंडळी त्याला मतापासून दूर ठेवते.

आता आक्षेपांकडे येते. पहिला आक्षेप असा, की ज्यांनी उपाशी राहून ही मंडळी उभी केली त्यांच्या अनुभवाला काही किंमत आहे की नाही? जरूर आहे. सल्ला द्यायला, इतिहास सांगायला, शहाणपणाने अडवायलाही ते हवेत. पण अनुभव असणे म्हणजे तिजोरीची किल्ली जन्मभर कमरेला ठेवणे नव्हे. कॅथलिक बिशपांनाही पंच्याहत्तरी झाल्यावर राजीनामा सादर करावा लागतो, आणि ऐंशीच्या पुढच्या कार्डिनलला पोपच्या निवडणुकीत मत नसते. रोमला जे कळते ते वॉर्डाच्या कमिटीला कळायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप : आजची पोरे टिकत नाहीत, पुण्या-हैदराबादला निघून जातात. जातात, कारण नोकऱ्या तिकडे आहेत. पण रायपुरातच राहून चर्च सोडणारेही पुष्कळ आहेत, त्यांचा विचार कोण करतो? जिथे वीस वर्षे घाम गाळून एकदाही मत मागितले जात नाही, तिथून माणूस उठून गेला तर त्याला चंचल म्हणणे सोपे असते.

तिसरा आक्षेप सर्वात धारदार आहे. २०११च्या जनगणनेप्रमाणे छत्तीसगढमध्ये ख्रिस्ती लोक दोन टक्क्यांहून कमी. बाहेर चर्चवर हल्ले होत आहेत, नारायणपुरात जानेवारी २०२३मध्ये चर्चची मोडतोड झाली, आणि तुम्ही घरातली धुणी चव्हाट्यावर आणता? माझे उत्तर असे : त्या हल्ल्यांत गाव सोडून पळावे लागले ते आदिवासी कुटुंबांना. अर्ज लिहायला, व्हिडिओ जपून ठेवायला, वकील शोधायला धावपळ केली ती बहुतेक त्यांच्या मुलामुलींनी. जे हल्ला झेलतात त्यांना निर्णयात जागा द्या, एवढेच मागितले तर शत्रूला कसली मदत होते? दलितांनी आधी स्वातंत्र्य येऊ द्यावे, मग जातीचे बोलावे, हा सल्ला आपल्याला ओळखीचा आहे. तो तेव्हाही मानला नाही, आताही मानण्याचे कारण नाही.

तरुणांचे ऐकून घेण्याचे सोहळे चर्चमध्ये होत नाहीत असे नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये रोमला खास तरुणांवर बिशपांची सभा भरली. जगभरातून तीसहून अधिक तरुण बोलावले होते. त्यांना बोलता आले, टाळ्या वाजवता आल्या, मत मात्र देता आले नाही. मार्च २०१९मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तरुणांना उद्देशून पत्र काढले. पुढे २०२३च्या सभेत बिशप नसलेल्या सत्तर जणांना मताधिकार मिळाला, त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरले आणि तरुणांनाही जागा मिळाली. रोमला पाच वर्षांत मतापर्यंत येता आले. इथे पॅरिश कौन्सिल अजून केवळ सल्ला देणारी आहे, आणि त्या सल्लागारांतही यूथचा एक प्रतिनिधी असला तर तो पाद्रीने नेमलेला असतो.

मराठी ख्रिस्ती वाचकाने तर हे वाचून अस्वस्थ व्हावे. १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतली चौदाएक वर्षांची मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो छापला कोणी? अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ने. लग्न झाले का, घराणे कोणते, वर्गणी भरली का, असे संपादकाने विचारले असते तर आपल्या हाती तो निबंध कधी आलाच नसता. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मिशनच्या पत्राने एका मांग मुलीला जेवढी जागा दिली, तेवढी आज तिच्या वारसांना मंडळीच्या वार्षिक सभेत मिळत नाही.

म्हणून मागण्या साध्या आणि मोजता येतील अशा आहेत. कॅथलिक धर्मसंहितेतही अठरा पूर्ण झालेला माणूस सज्ञान आहे आणि त्याला त्याचे हक्क पूर्णपणे वापरता येतात. तेव्हा सदस्यत्व कुटुंबावर न मोजता माणसावर मोजा, आणि लग्नाशी त्याचा संबंध तोडा. जातीच्या दाखल्यामुळे ज्यांना नाव उघड करता येत नाही त्यांच्यासाठी गोपनीय यादी ठेवा, पण त्यांचे मत नाकारू नका. प्रत्येक कमिटीत एक तृतीयांश जागा पस्तिशीच्या आतल्यांना मताधिकारासह द्या. त्यांत निम्म्या मुली असाव्यात, आणि दलित-आदिवासींचा वाटा मंडळीतल्या त्यांच्या संख्येप्रमाणे असावा. नाहीतर कमिटीवाल्यांची मुले येऊन बसतील आणि तरुणाई आली म्हणून फोटो निघतील. एका घरातून एकाच वेळी दोघे नकोत, आणि कोणालाही सलग दोनपेक्षा जास्त वेळा पद नको. तरुण संघाचा निमंत्रक संघाने निवडावा. हिशेब वर्षातून एकदा सगळ्यांसमोर वाचावा, म्हणजे तो मागणाऱ्या मुलीला कोणी लग्नाचा सल्ला देणार नाही.

आणि पुढच्या वेळी कुठल्या फलाटावर कोणी आपल्या मुलींना अडवले, तर चर्चने एकच वाक्य बोलावे : त्या सज्ञान आहेत. आईवडिलांची चिठ्ठी मागणाऱ्याला ती देऊ नये. पण ते वाक्य न अडखळता बोलता यावे, यासाठी आधी मंडळीच्या रजिस्टरमध्ये त्या मुलींची नावे त्यांच्या स्वतःच्या ओळीवर, मताच्या रकान्यासह, लिहिलेली असावी लागतील. त्या कामाला कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही. येत्या वार्षिक सभेत ते करता येईल.